तीन मजली चहा

दादा टाय लावून आला. रस्त्याच्या पलीकडे तो उभा होता तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. कोणीतरी नीटनेटका, खांद्यात जरासा वाकलेला गृहस्थ सिग्नलला थांबलाय आणि त्याच्या बुटांवर ऊन चमकतंय, एवढंच दिसलं. मग त्या गृहस्थानं हात वर करून "चिंगे!" अशी हाक मारली आणि तो माझा भाऊ निघाला. दादा टाय लावत नाही. लग्नात लावला होता, तोही मी बांधून दिला होता, आणि पंगत बसायच्या आतच काढून खिशात कोंबला होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसानं गळ्यात लोंबतं काही घालू नये, कुठल्या चाकात कधी अडकेल सांगता येत नाही, असं तो म्हणतो आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो नियम पाळतो. आज मात्र गाठ अगदी गळ्याशी आवळलेली. मी स्वतःची समजूत घातली, की या जुन्या सराईतला चहा म्हणजे काही टपरीवरचा चहा नव्हे, इथं लोक असेच नटूनथटून येतात, वहिनीनंच लावून दिला असेल. स्वतःची समजूत घालण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. गुरुवारपासून मी दुसरं काही केलेलंच नाही.

गुरुवारी मी दादाच्या छातीचा फोटो काढला होता. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात मी एक्स-रे काढते, आणि इतकी वर्षं काढते आहे, की माणूस दारातून आत आला की त्याच्या शर्टाच्या आत काय असेल याचा मला उगाच अंदाज येतो. दादाचा खोकला दोन महिने जात नव्हता. 'लिफ्टच्या शाफ्टमधली धूळ आहे ती, पगारातच येते,' असं म्हणून तो उडवून लावायचा. शेवटी मीच त्याला ओढत नेलं. शर्ट काढून त्यानं प्लेटला छाती टेकवली, हनुवटी वर ठेवली आणि "हसू का?" म्हणून विचारलं. मी काचेमागे जाऊन बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला. आधी डोळा सवयीनं फिरतो, फासळ्यांवरून उतरतो, हृदयाच्या कडेनं वळतो, आणि बहुतेक वेळा जिथून निघाला तिथं सुखरूप परत येतो. या वेळी तो मध्येच एका जागी थांबला आणि पुढे जाईना. तिथं एक सावली होती. फार मोठी नव्हती, पण असायला नको अशी होती. पलीकडून दादा शर्टाची बटणं लावत ओरडला, "कसा आलाय?" मी म्हणाले, "छान आलाय." आमच्या कामात एवढं एकच वाक्य बोलायची मुभा असते आणि ते खोटंही नसतं. छान आला म्हणजे माणूस हलला नाही, फोटो धूसर आला नाही. बाकी जे काय ते डॉक्टर सांगतील. डॉक्टर रजेवर होते, सोमवारी येणार होते. "मग एक प्रत दे, भिंतीवर लावतो," दादा म्हणाला, आणि मी हसलेसुद्धा. मला माझ्या चेहऱ्याचा अभिमान आहे. माणसं माझ्या तोंडाकडे बघत बघत कपडे चढवतात, काही सापडतंय का ते शोधत असतात, आणि आजवर कोणाला काही सापडलेलं नाही.

त्या रात्री मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सोमवारपर्यंत दादा मोकळा आहे, एवढाच विचार डोक्यात घोळत होता. सोमवारनंतर त्याचे सगळे दिवस कोणाच्या तरी ताब्यात जातील. तपासण्या, रांगा, हिरवे पडदे, काचेमागच्या माझ्यासारख्या बाया. मधे एक शनिवार होता. तो शनिवार त्याला द्यावा, निखळ, काहीही चिकटलेलं नसलेला, असं माझ्या मनात आलं. आणि मला सराई आठवली. शहरातली ही सगळ्यात जुनी इमारत. टपालाच्या घोडागाड्या इथं थांबायच्या, घोडे बदलायचे, प्रवासी मुक्काम करायचे. आता तिथं घोडे नाहीत, पण दुपारचा चहा देतात, साग्रसंगीत, आणि मुख्य म्हणजे तिथं शहरातली पहिली लिफ्ट आहे. दादानं ती कधी आतून पाहिलेली नाही. तिचं काम दुसऱ्या कंपनीकडे, त्यामुळे इतकी वर्षं तो नुसता बाहेरून लाळ गाळतोय. मी फोन केला. म्हटलं, "शनिवारी सराईत चहाला जाऊ. मी नेते तुला." पलीकडे तो काही बोलला नाही. मला वाटलं फोन तुटला. मग तो म्हणाला, "सराईत?" मी म्हटलं, "हो." "बरं," तो म्हणाला, "येतो." त्यानं आढेवेढे घेतले नाहीत, उधळपट्टीवरून टोमणा मारला नाही, याचा मला केवढा आनंद झाला होता.

कमानीखालचा दगड गाड्यांच्या चाकांनी घासून खोलगट झालेला आहे. त्यावरून जाताना दादा एकदम थांबला आणि खोकला. दोनदा. मी पुढे जाऊन भिंतीवरची पाटी वाचत असल्यासारखं केलं. आत दालन लाकडी, छत इतकं खाली की उंच माणसानं आपसूक मान झुकवावी. मेणाचा, जुन्या गालिच्यांचा आणि कुठेतरी भाजल्या जाणाऱ्या लोण्याचा वास. लिफ्ट दाराशीच होती. पितळी जाळीचा दरवाजा, आत लाल मखमलीचं बाकडं. चहा तळमजल्यावरच होता, वर जायचं आम्हांला काही कारण नव्हतं, पण दादानं तिथल्या बाईंना इतक्या अदबीनं विचारलं, की त्यांनी आम्हांला वर पाठवून परत खाली आणलं. जाताना दादानं बाकड्यावर बसायचं नाकारलं. तो भिंतीला तळहात लावून उभा राहिला, डोळे मिटून, लहान मुलाचं अंग तापलंय का बघावं तसा. मला त्याच्याकडे बघवेना. मी मजल्यांचे आकडे दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहिले. खाली आल्यावर तो हळूच म्हणाला, "वरचं बेअरिंग घासतंय. ऐकलंस?" मला काही ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग सांग की त्यांना." "छे," तो म्हणाला, "आपण पाहुणे. त्यांचा माणूस येईल, तो सांगेल. असं दुसऱ्याच्या लिफ्टबद्दल बोलायचं नसतं." आणि जाळी लावताना त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पर्स उघडून रुमाल शोधायला लागले. रुमाल माझ्या हातातच होता.

आमचं टेबल खिडकीशी होतं. पांढरी शुभ्र चादर, कडक इस्त्रीचे रुमाल, कपांना इतके नाजूक कान की दादाचं बोट त्यात शिरेना. त्याच्या बोटांच्या पेरांत वंगण कायमचं मुरलेलं आहे. आज त्यानं ती घासघासून लाल केली होती. पांढरे हातमोजे घातलेला वेटर आला आणि त्यानं तीन मजल्यांचं ते चांदीचं तबक मधोमध ठेवलं. खाली काकडीची आणि अंड्याची सँडविचं, कडा कापलेली, बोटाएवढी. मधे गरम स्कोन, पाव आणि बिस्किटाच्या मधलं काहीतरी, गोलमटोल, बाजूला साय आणि जॅम. सगळ्यात वर इवलेइवले केक. "खालून वर जायचं असतं," वेटर म्हणाला, जणू आम्ही उलटे जाणार होतो. "तळमजल्यावरून सुरुवात," दादा म्हणाला. "वरपर्यंत जाईल ना, की मधे अडकेल?" वेटर हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. किटलीवर लोकरीचं टोपरं होतं. मी गाळणी धरून चहा ओतला, बशीत एक थेंबही सांडला नाही. मी मनात म्हटलं, चला, जमतंय. हा माणूस हसतोय, ऊन आहे, शेजारच्या टेबलावर दोन म्हाताऱ्या मैत्रिणी कोणाच्या तरी सुनेची सालं काढताहेत, जग आपल्या जागी आहे. असेच दोन तास काढायचे आणि त्याला बसमध्ये बसवून द्यायचं. मग मी घरी जाऊन काय करायचं ते करीन.

पण दादा हळू खात होता. त्याच्या ताटातलं अन्न कधी थंड झालेलं मी पाहिलेलं नाही; शाफ्टमध्ये उतरलेला माणूस केव्हा हाक मारेल याचा नेम नसतो म्हणून त्याला भराभर गिळायची सवय. आज तो एकेका सँडविचचे चार घास करत होता. प्रत्येक घास घेतला की उरलेलं सँडविच खाली ठेवत होता, पाणी पीत होता, खिडकीबाहेर बघत होता. मी त्याची मान बघत होते. कॉलर सैल झाली होती, म्हणून टाय इतका आवळावा लागला होता. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरलं होतं. गिळताना गळ्याची घाटी वरखाली होताना दिसत होती, आणि तिच्याखाली काय आहे ते मला आत उजेड लावल्यासारखं दिसत होतं. मला माझ्या डोळ्यांचा राग आला. समोर माझा भाऊ बसलाय, ज्यानं मला सायकल शिकवली, ज्यानं मला पाडलं आणि घरी सांगितलं की मीच पडले, आणि मी त्याच्या फासळ्या बघतेय. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "वहिनीलाही आणायचं होतंस." दादानं स्कोन उचलला, मधोमध उकलला. "तिला सांगितलंच नाही," तो म्हणाला. "कामावर जातोय म्हणालो."

"टाय लावून?"

"टाय बसमध्ये बांधला. शेजारच्या बाईनं आरसा धरला. भली होती बिचारी, मुलगी बघायला चाललोय समजली असेल."

"पण वहिनीपासून लपवायचं काय त्यात?"

"घाबरली असती उगाच."

"चहाला घाबरायचं काय?" मी म्हणाले, आणि बोलता बोलता माझा आवाज कुठेतरी निसरड्यावर पाय पडल्यासारखा झाला. दादानं सायीची वाटी जवळ ओढली. त्यानं सुरीनं साय स्कोनच्या अगदी कडेपर्यंत पसरवली, कुठे कोपरा राहू दिला नाही. आणि तेव्हा मी त्याच्या ताटलीकडे पाहिलं. कडेला काकडीच्या सँडविचचा एक तुकडा होता. नखाएवढा, मुद्दाम ठेवलेला. स्कोनचं दुसरं अर्ध त्यानं त्याच्या बाजूला सारलं, त्याला तसूभरही न लागू देता.

आमचे बाबा तारखात्यात होते. सायकलवरून घरोघर तारा पोचवायचे. लग्नाच्या, जन्माच्या, बढतीच्याही तारा असतील की. पण बाबांच्या बोलण्यात त्या कधी आल्या नाहीत. ते सांगायचे, की ज्या जागी माणूस वाईट बातमी ऐकतो ती जागा नासते. तार ओट्याशी उभं राहून वाचली तर पुढं त्या घरात ओट्याशी कोणी गुणगुणत नाही, खुर्चीत बसून वाचली तर ती खुर्ची माळ्यावर जाते. म्हणून बाबा आमच्या घरात वाईट बातमी सांगत नसत. ते आम्हांला बाहेर न्यायचे, काहीतरी चांगलं खाऊ घालायचे, आणि ताटली रिकामी झाली की सांगायचे. नासली तर हॉटेलवाल्याची जागा नासू दे. कुत्रा देऊन टाकला तेव्हा आइस्क्रीम. घर बदलायचं ठरलं आणि दादाचे सगळे मित्र सुटणार होते, तेव्हा बेकरीतली क्रीमची पेस्ट्री. बातमी जेवढी मोठी तेवढा खाऊ मोठा, हे आम्हांला कोणी शिकवलं नव्हतं, आम्ही आपले शिकलो. इतर पोरं बाबा बाहेर नेणार म्हटल्यावर उड्या मारायची. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. आई इस्पितळात होती तेव्हा एका दुपारी बाबा म्हणाले, चांगले कपडे घाला, आणि त्यांनी आम्हांला स्टेशनच्या माडीवरच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये नेलं, जिथं रुमाल पंख्यासारखे घडी घालून ठेवलेले असत. दादानं कटलेट मागवलं. त्यानं ते खाल्लं, आणि शेवटचा घास ताटलीच्या कडेला ठेवून दिला. बाबा म्हणाले, "खाऊन घे, मग बोलू." दादा म्हणाला, "खातोय." तो खात नव्हता. तो काट्यानं त्या घासाला ताटलीभर फिरवत होता, खाली गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि बाबा त्याला घाई करत नव्हते. तो घास होता तोवर आई होती. मग वेटरनं मागून येऊन, झालं समजून, ताटली उचलून नेली. दादा त्याच्यामागे धावला होता, स्वयंपाकघरापर्यंत. ते मला आठवतं. बाबांनी नंतर काय शब्दांत सांगितलं ते मात्र अजिबात आठवत नाही.

मी बाबांची मुलगी. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. मी त्यांची नक्कल करते, त्यांच्यासारखी नाक शिंकरते असं सगळे म्हणतात, आणि माझ्या हे लक्षात आलं नाही. मी फोन उचलून म्हटलं, मी नेते तुला. आमच्या घरात या वाक्याचा दुसरा अर्थ कधीच नव्हता. मला त्याला एक दुपार द्यायची होती, आणि मी बाबांच्या सायकलवर बसून थेट त्याच्या दारात जाऊन घंटी वाजवली होती. म्हणजे फोनवर तो गप्प झाला, तेव्हाच. गुरुवारपासून त्याला माहीत आहे. दोन दिवस हा माणूस एकटा, बायकोला न सांगता, कामावर जाऊन लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत होता. आज बूट पॉलिश करून, बोटं घासून, बसमध्ये अनोळखी बाईकडून आरसा धरवून घेऊन इथं आला. कारण बाबा म्हणायचे चांगले कपडे घाला. माझ्या कानांत गरम वाफ भरल्यासारखं झालं. चहाची चव गेली. शेजारच्या म्हाताऱ्या बायका हसत होत्या आणि मला वाटलं त्या आम्हांलाच हसताहेत, ही बघा शहाणी, भावाला मजा करायला घेऊन आलीय. आणि त्याही स्थितीत मी भित्रटासारखा हिशेब मांडत होते: कदाचित त्याला माहीत नसेल. कदाचित नुसता संशय असेल. पोट बरं नसेल म्हणून हळू खात असेल. मी जर आत्ता दुसरीच एखादी वाईट बातमी दिली, मध्यम आकाराची, सोसण्यासारखी, तर तो सुटकेचा निःश्वास टाकेल आणि सोमवारपर्यंत तरी झोपेल. मी भराभर बातम्या शोधायला लागले. माझ्याकडे एकही धड वाईट बातमी नव्हती. बदली? घर गळतंय? आयुष्यात पहिल्यांदाच मला आपण इतके सुखी आहोत याची लाज वाटली.

"दादा," मी म्हणाले, "तुला एक सांगायचं होतं. मी नोकरी सोडतेय."

दादानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत आधी सुरकुत्या पडल्या, मग ओठ हलले, आणि मग तो हसला, मनापासून, लहानपणी माझी चोरी पकडल्यावर हसायचा तसा. हसण्याचं खोकल्यात रूपांतर झालं, त्यानं रुमाल तोंडाला लावला, हातानं मला थांब म्हणाला. पाणी प्यायला. आणि म्हणाला, "चिंगे, त्याला आइस्क्रीम पुरलं असतं."

मग आम्ही दोघं त्या तबकाकडे बघत बसलो. तीन मजले. चांदीची मूठ. वरच्या मजल्यावर केकांवर साखरेची फुलं होती. "बाबांना सुद्धा एवढं कधी परवडलं नाही," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा होती आणि भीती होती आणि त्यानं दोन्हीपैकी काही झाकलं नाही. मला म्हणायचं होतं, की मी तसं ठरवलं नव्हतं, मला तुला लिफ्ट दाखवायची होती, नुसती एक दुपार द्यायची होती. पण ते म्हणून काय उपयोग होता? मी रडले नाही. मला रडायचं होतं आणि माझा तो प्रसिद्ध चेहरा सुटेना. इतक्या अनोळखी माणसांसमोर तो धरून ठेवला, आता माझ्याच माणसासमोर तो मला सोडवेना. "मला काही माहीत नाही," मी म्हणाले. "सोमवारी डॉक्टर बघतील. मला सांगायची परवानगी नाही, दादा. नोकरी जाईल."

"सोडतेयस ना तू?"

"दादा..."

"डॉक्टर सोमवारी त्यांच्या खोलीत सांगतील," तो म्हणाला. "तिथं मी एकटा असेन. तिथं ती बाकडी, तो वास. तू इथं सांग. जागा बरी आहे."

पांढरे हातमोजे आमच्याकडे येताना मला दिसले. वेटर टेबलावरून नजर फिरवत होता, कोणाचं झालं, कोणाचं उरलं. दादाच्या ताटलीत काकडीचा तुकडा, अर्धा स्कोन आणि वरच्या मजल्यावरून आणलेला लिंबाचा एक चौकोनी केक, तीन मजल्यांचे तीन तुकडे ओळीनं मांडलेले. मी हात पुढे करून त्याची ताटली धरून ठेवली, दोन्ही हातांनी, कोणी हिसकावून घेईल अशी. "राहू द्या," मी वेटरला म्हणाले. माझा आवाज इतका चढला, की शेजारच्या बायका गप्प झाल्या. वेटर मागे सरला. दादानं माझी बोटं एकेक करून ताटलीवरून उचलली. मग त्यानं काकडीचा तुकडा खाल्ला. स्कोन खाल्ला, सांडलेली साय बोटानं पुसून खाल्ली. केक त्यानं एकाच घासात तोंडात टाकला, चावला, गिळला, तोंड पुसलं आणि रिकामी ताटली माझ्याकडे सरकवली. कोणी त्याला खाऊन घे म्हटलं नव्हतं.

"हं," तो म्हणाला. "सांग."

मी म्हणाले, "सावली आहे एक." वाक्य माझ्या तोंडून आलं आणि मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही, छत खाली आलं नाही. "कसली आहे ते फोटोवरून कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. डॉक्टरांनाही लगेच नाही येणार. कदाचित जुनी काहीतरी खूण असेल. कदाचित नसेल. पण आहे." हे मी त्याला सांगत होते आणि त्याच वेळी स्वतःला पहिल्यांदा सांगत होते. तोपर्यंत मी ते नुसतं पाहिलं होतं.

दादानं मान हलवली. एखाद्या मॅनेजरनं त्याला लिफ्टचं दुखणं सांगावं आणि त्यानं ऐकून घ्यावं, तशी. "मोठी?"

"नाही."

"कुठे?" असं म्हणून त्यानं आपला उजवा तळहात छातीवर ठेवला, डावीकडे, जिथं सगळीच माणसं ठेवतात. "इथे?"

"नाही."

मी अर्धवट उठले. टेबलावरून वाकून मी त्याचा हात मनगटाशी धरला आणि त्याच्या छातीवरून हळूहळू पलीकडे नेला, त्या आवळलेल्या टायवरून, उजवीकडे, जरा वर, खांद्याकडे जाणाऱ्या हाडाच्या खाली. माझा पदर जॅमच्या वाटीत गेला होता. "इथे," मी म्हणाले. त्याच्या तळहाताखाली शर्ट गरम होता आणि माझ्या तळहाताखाली त्याचा हात. त्यानं बोटं पसरली, जागा जोखली. डोळे मिटले.

"एवढंसं," तो म्हणाला.

"एवढंसं."

वेटर ताजी किटली घेऊन आला आणि जरा अंतरावर अवघडून उभा राहिला, ओतू की नको अशा विचारात. दादानं डोळे उघडले. त्यानं उजवा हात होता तिथून काढला नाही, आणि माझाही काढू दिला नाही. डाव्या हातानं त्यानं आपला कप पुढे सरकवला, मग माझा.